दुपारपर्यंत टिकलेले टोप

आमच्या मंडळाचं वार्षिक संमेलन म्हणजे दोन फौजा, एक ठरवलेली गोष्ट आणि दिवसभर आपापल्या सोंगात राहणं. लाइव्ह रोलप्ले हे त्याचं रीतसर नाव. संवाद कुणी लिहून देत नाही, तलवारी फोमच्या, आणि डोक्यावर वार करायचा नाही हा पहिला नियम. मग शिरस्त्राण कशाला, असं नवे सभासद दरवर्षी विचारायचे. गर्दीत एखादा वार निसटतोच, असं आम्ही गंभीर चेहऱ्यानं सांगायचो. खरं म्हणजे टोपाशिवाय सरदार सरदार वाटतच नाही.

संमेलनाआधीच्या सगळ्या संध्याकाळी हे टोप बनवण्यातच जायच्या. चामडं झाडाच्या सालींच्या अर्कात कमावलेलं लागतं, साडेतीन-चार मिलिमीटर जाडीचं. क्रोमनं कमावलेलं चामडं भिजवून कितीही दाबा, दिलेला आकार धरत नाही. आधी कागदावर नमुना काढायचा, डोक्याचा घेर मोजायचा आणि आतल्या अस्तरासाठी थोडी जागा वाढवायची. मग चामडं पाण्यात सोडायचं. बुडबुडे थांबले की बाहेर काढायचं, आणि इथे सगळ्यांचा धीर सुटायचा. कारण लगेच हात लावायचा नसतो. वरचा रंग पुन्हा फिका होत येतो, पण आत ओल असते, ती वेळ साधायची. आमचे एक काका तुकडा गालाला लावून बघायचे. गार लागला की, "चला, घ्या ठोकळ्यावर!" म्हणजे डोक्याच्या आकाराच्या ठोकळ्यावर दाबून आकार द्यायचा.

चामडं कडक करायची जुनी रीत गरम पाण्याची. पाणी साधारण ८० अंशांपर्यंत तापवायचं, चामडं थोडाच वेळ बुडवायचं. त्यात ते आक्रसतं, जाड होतं आणि वाळल्यावर लाकडासारखं टणक. एका वर्षी आमच्यातल्या दोघांनी गप्पांच्या नादात तयार टोप थेट उकळत्या पाण्यात सोडला. बाहेर आला तो वेडावाकडा आणि इतका लहान, की मोठ्यांपैकी कुणाच्या डोक्यात जाईना. शेवटी सगळ्यांत धाकट्या मुलीच्या डोक्यावर तो चपखल बसला आणि त्या वर्षीचं राजेपद तिच्याकडे गेलं. तिनं दिवसभर मिशीवाल्या सरदारांना जे काही झापलं, त्याला तोड नाही. त्या संमेलनाची गोष्ट काय होती हे आता कुणालाच आठवत नाही.

धातूचं काम मला जास्त आवडायचं. कपाळाभोवती एक पट्टी, तिच्यावरून माथ्याकडे चढत जाणाऱ्या चार पट्ट्या, समोर नाकावर उतरणारी एक, आणि मधल्या जागांत चामड्याचे त्रिकोण. युरोपात ५व्या-६व्या शतकांत अशा सांगाड्याचे टोप वापरात होते. तिकडे त्रिकोणांच्या जागी बहुधा लोखंडी पत्रे असत. आम्ही वजन वाचवायला चामडं बसवायचो. पट्ट्यांना १ मिलिमीटरचा पत्रा पुरे. तो कातरीनं कापायचा, कडा कानसायच्या, भोकं पाडायची आणि तांब्याचे रिवेट ठोकायचे. रिवेटचं डोकं गोल हातोडीनं हलक्या हातानं पसरवावं लागतं. जोर लावणाऱ्यांचे रिवेट वाकायचेच. शिवाय पट्टीच्या आतल्या बाजूला वॉर्निश हवंच. सालींत कमावलेलं चामडं घामानं ओलं होऊन लोखंडाला टेकलं की त्यातलं टॅनिन, म्हणजे सालींतून आलेलं तुरट द्रव्य, काळे डाग पाडतं, आणि ते डाग जात नाहीत.

संमेलनाच्या सकाळी फाटकाशी एक ताई कापसाचा बोळा घेऊन उभ्या. प्रत्येक टोपाच्या कडेवरून बोळा फिरणार. एक तंतू जरी अडकला तरी, "जा, कानस मारून ये." सेनापती असो की शिपाई, वशिला चालायचा नाही. काही जण चिडायचे. मला मात्र त्या दिवसातला सगळ्यांत शहाणा माणूस त्याच वाटायच्या.

चांगला टोप कुणाचा, हे सकाळी कळायचंच नाही. सकाळी सगळेच झळकत असायचे. दुपारी बघावं. नक्षीदार, शिंगं लावलेले भारी टोप तोवर मालकांच्या काखेत आलेले असत, आणि डोक्यावर उरायचे ते आतून नीट केलेले. आत अस्तराच्या पाकळ्या, पाकळ्यांच्या टोकांतून एक दोरी ओवलेली. दोरी आवळली की टोप वर राहतो, सैल सोडली की खाली बसतो, आणि माथा व टोप यांच्यात हवेला वाट राहते. कानांवरच्या झडपा बिजागरीसारख्या हलत्या ठेवल्या तर हाकाही ऐकू येतात, नाहीतर "माघार!" ओरडलं तरी शूरवीर पुढेच धावत सुटायचे. एकदा तर आमची अर्धी फौज अशीच शत्रूच्या गोटात जाऊन बसली.

मंडळाच्या पेटीत अशा दोरीचा एक साधा, बिननक्षीचा टोप आहे. नवीन येणाऱ्याला पहिल्या वर्षी तोच मिळतो, कारण तो कुठल्याही डोक्याला बसतो. गेल्या खेपेला त्याच्यासाठी दोन जुने सभासदच भांडत होते. स्वतःचे नवेकोरे टोप काखेत धरून!