अंडं नाही, एवढंच सांगितलं

काकांनी टॉवेलात गुंडाळलेला दगड टेबलावर ठेवला तेव्हाच ओळखलं, हे ‘डायनोसॉरचं अंडं’ आहे. बागेत खड्डा खणताना सापडलेला, लांबट गोल, दोन तळहातांत जेमतेम मावणारा. संग्रहालयात असे दगड येतच असतात. बरेच जण नुसता फोटो पाठवून मिनिटात उत्तर मागतात. फोटोत ना वजन कळतं ना कठीणपणा. काका निदान दगड घेऊन आले.

हवेत वजन १,२४० ग्रॅम, दोऱ्याने पाण्यात लोंबता ठेवून ७६०. म्हणजे घनता पाण्याच्या २.५८ पट. बहुतेक उल्का याहून जड असतात, तेव्हा ती शक्यता जवळपास बाद. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब फसफसला आणि काकांचा चेहरा उजळला. पण त्याने काही सिद्ध होत नाही. अंड्याचं कवच कॅल्साइटचं, म्हणजे आम्लात फसफसणाऱ्या चुन्याच्या खनिजाचं असतं, तसा गाळाचे कण सांधणारा चुनाही कॅल्साइटच.

निकाल दिला दहापटीच्या भिंगाने. एका बाजूचा टवका उडाला होता. तिथे वेगळं कवच नव्हतंच. बाहेरून आतपर्यंत तोच बारीक गाळ. शिवाय थरांच्या केसाएवढ्या रेषा दगडातून आडव्या आरपार गेलेल्या. पुरलेल्या अंड्याला थर वळसा घालतात, त्याच्या आतून जात नाहीत. ही गाळातच धरलेली गाठ होती, काँक्रीशन.

“काका, अंडं नाही हे.” आमच्या फॉर्मवर एकच प्रश्न असतो, जीवाश्म आहे की नाही. मी ‘नाही’वर खूण केली.

चार दिवसांनी काका पुन्हा आले. टॉवेलात तुकडे. अंडं नाही म्हटल्यावर नातवाने हातोडीने फोडून पाहिलं होतं. मधोमध शिंपला, नखाएवढा, पाठीवरच्या उभ्या रेघा अगदी स्वच्छ. फक्त बिजागरीचा भाग घावाखाली भुगा झालेला. आणि शिंपल्याची जात ठरवायला बिजागरीचे दातच तर बघावे लागतात.

अशी गाठ पुष्कळदा कुजणाऱ्या जिवाभोवतीच धरते. कुजताना भोवतालच्या पाण्याचं रसायन बदलतं आणि कॅल्साइट तिथेच साचत जातो. दरवर्षी मुलांना हेच शिकवतो मी. “ठेवून जा, करवतीने कापून बघू,” एवढं म्हणायचं त्या दिवशी राहून गेलं.

काकांनी हळूच विचारलं, “साहेब, चिकटवता येईल का?”

तुकडे अजून माझ्या टेबलावर आहेत. दगड फोडला तिथली माती बारीक चाळणीने चाळून आणायला सांगितलंय.