‘नो’ सोड, ‘मि’ ऐक

फोनवरच्या स्पॅनिश रेकॉर्डिंगचं लिखाण तपासणं हे आमचं काम. पहिला खर्डा मशीन काढतं, मग आम्ही हेडफोन लावून बसतो. त्या दिवशी मेक्सिकोतल्या एका दुकानाच्या भाडेकराराची फाइल आली. भाडेकरू बाईंच्या तोंडी मशीनने घातलं होतं, ‘मी करार संपवते.’ बाईंचं म्हणणं, आपण असं बोललोच नाही. मुदत संपली होती, म्हणून ‘करार संपला’ एवढंच म्हटलं. डिपॉझिट कुणाचं, हा सगळा वाद त्या एका क्रियापदावर येऊन थांबला होता.

नवी सहकारी म्हणाली, “ताई, दोन्ही सारखंच ऐकू येतंय.” येणारच. मराठीत आघात, म्हणजे शब्दातल्या एका अक्षरावरचा जोर, पुढेमागे झाला म्हणून क्रियापदाचा कर्ता बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे फिरकत नाही. स्पॅनिशमध्ये तेर्-मीऽ-नो म्हणजे ‘मी संपवते’, तेर्-मि-नोऽ म्हणजे ‘संपलं’. तेऽर्-मि-नो म्हटलं तर क्रियापदच उरत नाही. ते नाम, अर्थ ‘मुदत’.

ती शेवटचा ‘नो’ पुन्हा पुन्हा ऐकत होती. तिथेच घोळ आहे. पुढे ‘एल कोन्त्रातो’ (करार) आला की ‘नो’मधला ओ आणि ‘एल’मधला ए एकाच तुकड्यात मिसळतात; त्यातून काही निवडणं कठीण. मी म्हटलं, “नो सोड, मि ऐक.” गती कमी करून लावलं. ‘मि’ आखूड, घाईत उरकलेला. बाईंनी ‘संपवते’ म्हटलं असतं तर तो ‘मी’ असा ताणला गेला असता. मेक्सिकोत, विशेषतः मध्य भागात, लोक आघात नसलेले स्वर बरेचदा गिळतात, त्याचा असा फायदाही होतो.

त्याच फाइलमध्ये पुढे मशीनने ‘सतत’ या अर्थाचं विशेषण लिहिलं होतं, कोन्-तीऽ-नुओ. तीन तुकडे. मी तिला टेबलावर बोटांनी मोजायला लावलं. चार भरले: कोन्-ति-नू-ओ. इ, उ हे दुबळे स्वर, एरवी शेजारच्या स्वरात मिसळणारे; अशा उ-वर आघात पडला की तो शेजारच्या ओपासून सुटा होतो, म्हणून हे ‘मी चालू ठेवते’. भूतकाळातला कोन्-ति-नुओऽ पुन्हा तीनच तुकड्यांचा. माझ्या मते शिकवणाऱ्यांनी काळ सांगण्याआधी हे मोजणं शिकवावं.

मग तिचा प्रश्न, “तेर्मिनोऽवर आघात दाखवणारी तिरकी रेघ, मग ‘पाहिलं’ अर्थाच्या ‘व्यो’वर का नाही?” तो एकच तुकडा, आघात दुसरीकडे जाणार कुठे? जुन्या पुस्तकांत ती रेघ असते. लिखाणाचे नियम ठरवणाऱ्या स्पॅनिश अकादमीने 1952 च्या नव्या नियमांत काढली आणि 1959 पासून ते नियम सक्तीचे केले. ‘वाट दाखवली’ अर्थाच्या ‘ग्यो’वरची रेघ तर 2010 मध्ये गेली. स्पेनमध्ये बरेच जण तो अजून ‘गि-ओ’ असा दोन तुकड्यांत म्हणतात, मेक्सिकोत एकातच. अकादमीने लिहिण्यापुरता तो एक तुकडा धरला.

रेघ घातली, रेकॉर्डिंगमधली वेळ नोंदवली आणि फाइल पाठवली. त्याच प्रकरणाची आणखी रेकॉर्डिंग होती. त्यांतले ‘तेर्मिनो’ तिने स्वतःच मागून घेतले.