फाउंडेशन म्हणजे वर्ष वाया नव्हे

भाची यंदा गोवा बोर्डाची बारावी झाली, जर्मनीला इंजिनीअरिंगला जायचं म्हणते, आणि डिचोलीत आमच्या घरी चतुर्थीला जमलेल्या प्रत्येकाने तिला एकच विचारलं, अगो बारावी झाली ना, मग आणखी एक वर्ष कशाला?

हे माझ्या मनाला लागलं, कारण पोरगी गप्प बसली होती.

हे वर्ष म्हणजे फाउंडेशन, डिग्रीआधीच्या तयारीचा कोर्स; जर्मनीत त्याला श्टुडिएनकोलेग म्हणतात, साधारण दोन सेमिस्टर, शेवटी परीक्षा, ती पास झाली की डिग्रीला अर्ज करता येतो. इंजिनीअरिंगवाल्यांना टी-कोर्स, म्हणजे गणित, फिजिक्स आणि भरपूर जर्मन, मेडिकलवाल्यांना एम-कोर्स. सरकारी ठिकाणी सहसा ट्यूशन फी नसते, पण शिकवतात जर्मनमध्ये, त्यामुळे प्रवेशपरीक्षेआधीच निदान बी१-बी२, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, भाषा हवी, म्हणून ती आत्तापासून पणजीला क्लासला जाते, बसने, पावसात सुद्धा.

इंग्लंडचं वेगळं. तिथली मुलं शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत बहुतेक तीनच विषय खोलात शिकतात आणि डिग्री सहसा तीन वर्षांची, त्यामुळे पहिल्याच दिवसापासून निबंध, संदर्भ देणं, वर्गात आपलं मत मांडणं हे सगळं येतं असं धरूनच चालतात. फाउंडेशनमध्ये हेच शिकवतात. आपल्याकडे गाईड पाठ करून नव्वद टक्के मिळतात, पण स्वतःचं म्हणणं दोन पानं लिहायला कुणी कधी सांगितलंय? बारावीला चांगले मार्क असले तर तिथली बरीच विद्यापीठं थेट घेतात, तेही आधी विचारून घ्या.

परदेशी प्रवेश करून देणाऱ्या एका एजंटाने या फाउंडेशनला "कच्च्या मुलांचा कोर्स" म्हटलं. खूप राग आला मला.