निजामानं 'कॉल इट अ डे' केलं का?

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या आदल्या दिवशी आमच्या शाळेत अभ्यासात कुणाचं लक्ष नसतं. ग्राउंडवर लेझीम चालू, आणि मी स्टाफरूममध्ये दहावीच्या वह्या घेऊन बसलेलो. 'कॉल इट अ डे', म्हणजे आता पुरे म्हणून थांबणं, हा इंग्रजी वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यात वापरा, एवढंच काम दिलं होतं.

बऱ्याच वह्यांत नेहमीची पळवाट: 'आवर सर टोल्ड अस द मीनिंग ऑफ कॉल इट अ डे.' व्याकरणात चूक नाही, पण मार्क कशाचा द्यायचा? त्या जागी दुसरा कुठलाही वाक्प्रचार ठेवा, वाक्य तसंच चालतं. वाक्य वाचून अर्थ उमगला पाहिजे. काहींनी 'कॉल इट द डे' केलेलं. यात काळाप्रमाणे फक्त 'कॉल'चं रूप बदलतं, पुढच्या तीन शब्दांना हात लावायचा नसतो. एका क्रिकेटवेड्यानं मात्र बरोबर लिहिलं होतं: 'सचिन तेंडुलकर कॉल्ड इट अ डे इन नोव्हेंबर 2013.'

मग ही वही आली. 'ऑन 17 सप्टेंबर 1948, द निजाम कॉल्ड इट अ डे.'

व्याकरण चोख, तारीख चोख. तरी टिक करवेना. शेजारी इतिहासाचे सर बसले होते, त्यांना अर्थासकट वाचून दाखवलं तर ते भडकलेच. "म्हणजे निजाम काय काम उरकून घरी निघाला होता? 13 तारखेला भारताच्या फौजा शिरल्या, 17 ला यानं गुडघे टेकले. 18 ला याचा सेनापती एल एद्रूस भारताच्या जनरल चौधरींना शरण गेला. हे काय राजीखुशीनं थांबणं झालं?"

खोट तिथंच होती. 'कॉल इट अ डे' करणारा आता पुरे म्हणून आपल्या मनानं थांबतो. हरलेल्यासाठी 'थ्रो इन द टॉवेल' आहे. बॉक्सिंगमध्ये आपला गडी फारच मार खायला लागला, की त्याच्या बाजूचा माणूस रिंगणात टॉवेल फेकतो. झाली हार कबूल.

वही जिची होती त्या पोरीला बोलावून हे सांगितलं. ती ऐकणाऱ्यातली नाही. "पण सर, लढाई थांबवायचा हुकूम त्यानंच दिला ना?"

"दारात फौज आल्यावर दिला. तुझी आई खुरपायला जाते, दिवस मावळला की थांबते. तिला कुणी हरवलेलं असतं का?"

तिनं टेबलावरच वही ओढली आणि उभ्या उभ्या लिहिलं: 'द सन वॉज गोइंग डाउन, सो माय मदर अँड द अदर विमेन कॉल्ड इट अ डे.' दोनपैकी दोन दिले. निजामाचं वाक्य तिनं खोडलं नाही, नुसता वाक्प्रचार बदलला.

दारापर्यंत गेली आणि वळली. "सर, टॉवेल बाजूचा माणूस फेकतो म्हणालात. मग तो निजामानं फेकला का एद्रूसनं?"

इतिहासाच्या सरांनी खुर्ची पुढं ओढली. "ये इकडं, बस."