एक पौंड सदुसष्ट पेन्स

ब्रिटिश संसद म्हटली की आपल्याकडच्या वाचकाला दर बुधवारी दुपारी पंतप्रधानांना विचारले जाणारे प्रश्न, खचाखच भरलेली हिरवी बाके आणि दोन्ही बाजूंनी उठणारा गलका आठवतो, किंवा शाळेच्या पुस्तकात भेटलेले, १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आलेले दादाभाई नौरोजी आठवतात. माझे काम या दोन्हींपासून दूरच्या कोपऱ्यात चालते. इंग्लंडमधील एका खासदारांच्या कार्यालयात मी केसवर्कर आहे. म्हणजे मतदारसंघातील माणसांच्या तक्रारी ऐकणे, कागदपत्रे जुळवणे, सरकारी खात्यांना पत्रे लिहिणे आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करणे. आमचे खासदार मंत्री नाहीत आणि पूर्वी कधी नव्हते. साडेसहाशे सदस्यांच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये ते मागच्या बाकावर बसतात. अशा सदस्याच्या हाती अधिकार म्हणावा असा जवळजवळ काहीच नसतो. पत्र, लेखी प्रश्न, अर्ज आणि सभागृहातले थोडेसे बोलणे, एवढीच काय ती साधने. ही साधने नेटाने वापरली तर काय घडू शकते, हे मी २०२४ च्या वसंतातील एका मंगळवारी पाहिले.

प्रकरणाची सुरुवात त्याच वर्षीच्या जानेवारी महिन्याच्या अखेरीस झाली. आमचे खासदार आठवड्याच्या शेवटी मतदारांना भेटतात, त्या भेटीच्या वेळी पन्नाशी उलटलेल्या एक बाई आल्या. त्यांच्या आईला पार्किन्सन्सचा आजार होता. आईला उठवणे, न्हाऊ घालणे, भरवणे, रात्री दोनदा कूस बदलून देणे हे सगळे त्या एकट्या करत आणि त्यासाठी त्यांना ‘केअरर्स अलाउन्स’ हा भत्ता मिळत असे. आठवड्याला किमान पस्तीस तास शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला सरकार हा भत्ता देते, मात्र तिची नोकरीतली कमाई ठरावीक मर्यादेच्या आत असली पाहिजे. बाई आठवड्यातून तीन दिवस, रोज साडेचार तास, एका बेकरीच्या दुकानात काम करत असत. भत्ता देणाऱ्या खात्याकडून आलेले पत्र त्यांनी चार घड्या घालून पर्समध्ये ठेवले होते. चाळीस आठवड्यांचा भत्ता चुकीने दिला गेला आहे, तरी ३,०७० पौंड परत करावेत, असे त्या पत्रात लिहिले होते.

‘मी काही लपवलेले नाही, एक तासही जास्त काम केलेले नाही,’ एवढेच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. ते खरे होते. त्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या मी टेबलावर क्रमाने मांडल्या तेव्हा काय झाले आहे ते लगेच दिसले. एप्रिल २०२३ पर्यंत किमान वेतन ताशी साडेनऊ पौंड होते, म्हणजे साडेतेरा तासांचे १२८ पौंड २५ पेन्स होत. कमाईची मर्यादा तेव्हा १३२ पौंड होती. एप्रिलपासून सरकारने किमान वेतन १० पौंड ४२ पेन्स केले आणि मर्यादा १३९ पौंड केली. त्याच साडेतेरा तासांचे आता १४० पौंड ६७ पेन्स होऊ लागले. एका आठवड्याला मर्यादेपेक्षा एक पौंड सदुसष्ट पेन्स जास्त. चाळीस आठवड्यांत त्यांना कायद्यानेच ६६ पौंड ८० पेन्स जास्त मिळाले होते, आणि त्यापायी आठवड्याला ७६ पौंड ७५ पेन्सांचा संपूर्ण भत्ता त्यांच्या हातून गेला होता.

या भत्त्याच्या नियमातली खरी मेख हीच आहे. कमाई मर्यादेवर गेली की भत्ता टप्प्याटप्प्याने कमी होत नाही, तो सगळाच बंद होतो. एक पेनी वर गेले काय आणि शंभर पौंड वर गेले काय, परिणाम तोच. दुसरे असे की, प्रत्येकाच्या पगाराची माहिती करखात्याकडून सरकारकडे आपोआप पोहोचत असते. मर्यादा ओलांडली गेल्याची सूचना यंत्रणेत उमटते, पण त्या सगळ्या सूचना त्या काळी तपासल्या जात नव्हत्या, आणि त्यामुळे पहिल्याच महिन्यात एका फोनने मिटली असती अशी बाब वाढत वाढत हजारो पौंडांच्या वसुलीपर्यंत जाई. ज्या माणसाकडे फिरून चौकशी करायला उसंत नाही, त्याच्यावरच चौकशीची सगळी जबाबदारी टाकलेली होती. मला याचा अतोनात राग आला होता आणि आजही येतो.

आम्ही आधी खात्याला पत्र लिहिले. नियमावर बोट ठेवणारे उत्तर आले. खासदारांनी लेखी प्रश्न विचारले, त्यांना नेमकी तेवढीच उत्तरे मिळाली. मग त्यांनी सभागृह तहकूब होण्यापूर्वीच्या अर्ध्या तासाच्या चर्चेसाठी सोडतीत नाव घालायला सुरुवात केली. आपल्या विधानसभेतल्या अर्धा तास चर्चेशी हिचे बरेच साम्य आहे. दिवसाचे कामकाज संपले की एक सदस्य एकच विषय घेऊन उभा राहतो, साधारण पंधरा मिनिटे बोलतो, संबंधित खात्याच्या मंत्र्याला उत्तर द्यावेच लागते, आणि त्यावर मतदान होत नाही. बहुतेक सदस्य तोवर बाहेर पडलेले असतात. गुरुवारचा विषय अध्यक्ष निवडतात, बाकीचे दिवस सोडतीवर. कित्येक आठवडे आमचे नाव निघाले नाही, आणि निघाले तेव्हा मंगळवार मिळाला.

भाषणाचा मसुदा करण्यापूर्वी मी बाईंना फोन केला, कारण मतदाराच्या संमतीवाचून त्याची हकिगत सभागृहात मांडायची नाही असा आमच्या कार्यालयाचा दंडक आहे. सभागृहात उच्चारलेला प्रत्येक शब्द हॅन्सर्डमध्ये, म्हणजे संसदेच्या अधिकृत इतिवृत्तात, छापला जातो आणि कायम राहतो. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, ‘नाव नको. आकडा मात्र सांगा.’ म्हणून मी पहिल्या परिच्छेदातले आईच्या आजाराचे वर्णन काढले आणि तिथे हिशेब घातला. खासदारांनी मसुदा वाचून वरच्या समासात पेन्सिलीने ‘१ पौंड ६७’ असे लिहिले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

पोस्ट ऑफिसच्या प्रकरणाची त्या दिवसांत सगळीकडे चर्चा होती. संगणकाच्या सदोष हिशेबापायी शेकडो पोस्टचालकांना चोर ठरवले गेले होते, आणि त्यांची दोषसिद्धी एकगठ्ठा रद्द करणारे विधेयक संसदेपुढे आले होते. आमचे खासदार त्या प्रकरणातल्या एका गोष्टीकडे वारंवार लक्ष वेधत. तेव्हाचे खासदार जेम्स आर्बथनॉट यांच्या हॅम्पशायरमधील मतदारसंघात एका खेड्यातले पोस्ट चालवणाऱ्या बाई त्यांच्याकडे तक्रार घेऊन आल्या. मग आर्बथनॉट यांना इतर मतदारसंघांतही तशीच माणसे असल्याचे कळले, आणि १७ डिसेंबर २०१४ रोजी संसदेच्या वेस्टमिन्स्टर हॉलमधील चर्चेत त्यांनी हा विषय मांडला. कायदा होण्यास त्यानंतर जवळजवळ साडेनऊ वर्षे लागली. एका तक्रारीच्या मागे तशाच किती तक्रारी उभ्या आहेत, हे कोणीतरी मोठ्याने बोलेपर्यंत कळत नाही, असे आमच्या खासदारांचे म्हणणे होते.

मंगळवारी सभागृहाचे कामकाज साडेअकराला सुरू होते आणि संध्याकाळी सातला संपते, म्हणून आम्ही सातच्या हिशेबाने निर्धास्त होतो. संसदेच्या इमारतींत जागोजागी छोटे पडदे लावलेले असतात, ज्यांवर सभागृहात कोण बोलत आहे आणि कोणता विषय चालू आहे ते सतत दिसते. साडेपाचच्या सुमारास मी खासदारांची कार्यालये असलेल्या पोर्टक्युलिस हाउसमधल्या झाडांखालच्या टेबलाशी शेवटच्या प्रती लावत बसले होते, तेव्हा पडद्यावरची नावे भराभर बदलू लागली. ज्या विधेयकावर सातपर्यंत चर्चा चालेल असे सर्वांना वाटत होते, त्यावर बोलणारेच संपत आले होते. कामकाज लवकर आटोपले तर आमची चर्चा तत्काळ सुरू होते. नाव पुकारले आणि सदस्य जागेवर नसेल तर चर्चा बुडते, आणि पुन्हा सोडतीपासून सुरुवात. खासदार रस्त्यापलीकडच्या इमारतीत एका समितीच्या बैठकीत होते. मी फोन लावला, त्यांनी तो पहिल्या घंटेला उचलला, आणि मी भाषणाची प्रत घेऊन भुयारी वाटेने त्यांना गाठायला धावले. सभागृहाच्या दाराशी मी त्यांच्या हातात कागद दिले, त्याच वेळी उत्तर देणाऱ्या राज्यमंत्रीही आपली फाईल सावरत घाईघाईने आत गेल्या.

मी वर प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसले. तिथे पुढे जाड काच आहे आणि आवाज ध्वनिक्षेपकातून येतो. खाली सरकारी बाकांवरील एका प्रतोदाने उभे राहून सभागृह तहकूब करण्याचा प्रस्ताव औपचारिकपणे मांडला आणि आमच्या खासदारांचे नाव पुकारले गेले. घड्याळात तेव्हा सहाला दहा मिनिटे होती. कामकाज लवकर संपल्याचा एक मोठा लाभ असा की अशा वेळी चर्चा अर्ध्या तासात गुंडाळावी लागत नाही. साडेसातपर्यंतचा सगळा वेळ हाती असतो, आणि इतर सदस्यांनाही बोलता येते.

खासदार सत्ताधारी पक्षाचे, म्हणजे मंत्र्यांच्या पाठीमागच्या बाकावरूनच बोलत होते. आपल्याच सरकारला उद्देशून त्यांनी तो हिशेब ओळीने वाचून दाखवला: तास तेच, दुकान तेच, आई तीच, वेतन सरकारने वाढवले, मर्यादा सरकारने ठरवली आणि वसुलीही सरकारच करत आहे. मग त्यांनी पुढचे सांगितले. चालू एप्रिलपासून किमान वेतन ११ पौंड ४४ पेन्स झाले आहे आणि मर्यादा १५१ पौंड. साडेतेरा तासांचे १५४ पौंड ४४ पेन्स होतात, म्हणजे या बाई आज पुन्हा मर्यादेबाहेर असत्या. त्यांनी दुकानमालकाला विनवून आठवड्याचा अर्धा तास कमी करून घेतला आहे. वेतन वाढले म्हणून काम कमी करावे लागते, असा नियम कोणत्या उद्देशाने चालू ठेवला आहे, असे त्यांनी विचारले.

यानंतर जे घडले ते मला अपेक्षित नव्हते. समोरच्या बाकांवरून एक सदस्य उठल्या आणि त्यांनी मध्ये बोलण्याची परवानगी मागितली. त्यांच्या मतदारसंघातही असेच एक प्रकरण होते, मुलाची शुश्रूषा करणाऱ्या वडिलांचे. त्या बसल्या तोच दुसरे उठले. पडद्यावर विषय वाचून सदस्य एकेक करून आत येत होते. स्कॉटलंडमधले, वेल्समधले, उत्तर इंग्लंडमधले, सगळ्या पक्षांचे. कोणाच्या हातात भाषण नव्हते. एकाने फोनवर आपल्या कार्यालयाने तेवढ्यात पाठवलेला मजकूर वाचला. रकमा वेगळ्या होत्या, घरे वेगळी होती, पण रचना एकच होती: थोडक्या पैशांनी ओलांडलेली मर्यादा, महिनोन् महिने कोणी न कळवणे, आणि मग एकदम पत्र. माझ्या टेबलावरचे एक प्रकरण साऱ्या देशभर पसरलेले मी डोळ्यांनी पाहत होते, आणि मला वाटते, सभागृहातल्या अनेकांनाही ते त्याच तासात दिसले.

मंत्री उत्तर द्यायला उभ्या राहिल्या तेव्हा सात वाजायला आले होते. अध्यक्षांच्या आसनाजवळच्या चौकटीत त्यांच्या खात्याचे अधिकारी बसले होते. तिथून एक चिठ्ठी हातोहात पुढे आली. परिस्थितीतील बदल कळवणे ही लाभार्थ्याची जबाबदारी आहे, मर्यादा दरवर्षी वाढवली जाते, असे त्या सांगत असतानाच घड्याळात सात वाजले आणि नियमाप्रमाणे त्यांना वाक्य अर्धवट टाकून बसावे लागले. सातच्या ठोक्याला आधीचा प्रस्ताव आपोआप संपतो, म्हणून प्रतोदाने उठून तोच प्रस्ताव पुन्हा मांडला, आणि मग मंत्र्यांनी बोलणे पुढे चालू केले. खासदारांनी मध्येच थांबवून एकच गोष्ट विचारली: सूचना मिळूनही खात्याने कळवले नाही, तर ती चूक कोणाची? मंत्र्यांनी त्याचे थेट उत्तर दिले नाही. मात्र खासदारांना भेटण्याचे आणि हे प्रकरण स्वतः पाहण्याचे त्यांनी सभागृहात मान्य केले. सभागृहात दिलेला शब्द छापला जातो, त्यामुळे त्याची आठवण करून देता येते.

बाईंना मी त्याच रात्री फोन केला. त्यांनी भाषण टीव्हीवर पाहिले होते. मंत्र्यांबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. त्या वडिलांबद्दल विचारत राहिल्या, ज्यांच्याविषयी समोरच्या बाकावरून सांगितले गेले होते.

मंत्र्यांशी भेट झाली आणि त्यातून बाईंच्या वसुलीचा मासिक हप्ता कमी झाला, पण रक्कम माफ झाली नाही. मे महिन्यात निवडणूक जाहीर झाली, संसद विसर्जित झाली. ४ जुलैच्या मतदानात आमचे खासदार पुन्हा निवडून आले, पण त्यांचा पक्ष विरोधी बाकांवर गेला, आणि तिथून त्यांनी हाच प्रश्न नव्या सरकारला विचारला. ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात कमाईची मर्यादा किमान वेतनाच्या सोळा तासांशी जोडण्याची घोषणा झाली आणि या वसुलींची चौकशी करण्यासाठी स्वतंत्र समीक्षाही नेमली गेली. हे आमच्या एका चर्चेने झाले असे म्हणणे खोटेपणाचे होईल. शुश्रूषा करणाऱ्यांच्या संघटना, पत्रकार आणि कितीतरी सदस्य यासाठी झटत होते. त्या मंगळवारी मध्ये उठलेल्यांपैकी अनेकजण त्यांत होते.

एप्रिल २०२५ पासून मर्यादा १९६ पौंड झाली. बाईंनी कमी केलेला अर्धा तास परत घेतला आणि वर अडीच तास वाढवले. वेतन वाढले की मर्यादाही त्याच हिशेबाने वाढणार, त्यामुळे पुढच्या वेतनवाढीची त्यांना आता धास्ती नाही. मर्यादा ओलांडल्यावर सगळा भत्ता एकदम बंद होण्याचा नियम मात्र तसाच आहे, आणि त्यांच्या ३,०७० पौंडांपैकी उरलेल्या रकमेबद्दल आमचे पत्र पुन्हा खात्याकडे गेले आहे.