पाणी चालेल, सुई नको

मे महिन्यातली भर दुपार. जीपमधून एका 17 वर्षांच्या मुलीला कॅज्युअल्टीत आणलं. दारातून आत घेतानाच तिचा श्वास ऐकू आला, लांब आणि खोल, शेतातून पळत आल्यासारखा. वाकून पाहिलं तर तोंडाला उतरलेल्या फळाचा गोडसर वास. 22 वर्षं नर्सिंग केलेल्या बाईला यापुढे मशीन नको असतं, तरी शुगर पाहिली. 540. लघवीत कीटोन्स, म्हणजे इन्सुलिनविना शरीर चरबी जाळत असल्याची खूण.

"इन्सुलिन कधीपासून बंद आहे?" मी आईला विचारलं. आईने वडिलांकडे पाहिलं.

"चार दिवस," वडील म्हणाले. "प्रभूने तिला बरं केलंय, सिस्टर. मी स्वतःच्या हाताने सगळ्या बाटल्या ओढ्यात टाकल्यात."

आमचं हॉस्पिटल नगर जिल्ह्यातलं, जुनं मिशनचं. पेशंट सगळ्या धर्मांचे येतात, पण आमचे लोक माझ्याशी जरा हक्काने भांडतात. माझे वडील पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते हे त्यांना माहीत असतं.

मुलीला टाइप 1 डायबेटिस, दोन वर्षांपासून. यात शरीर इन्सुलिन जवळपास बनवतच नाही, बाहेरून द्यावंच लागतं. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत एका 14 वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. त्याआधी अशा मुलांसाठी डॉक्टरांकडे उपासमारीच्या पथ्यापलीकडे फारसं काही नव्हतं. हे तिच्या वडिलांना सांगून उपयोग नव्हता. तालुक्याच्या गावी तीन दिवसांची उपवास प्रार्थना झाली होती, तिथे कुणीतरी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, आता सुई घेशील तर तो अविश्वास.

डॉक्टरांनी सलाईन सुरू केलं. इन्सुलिन लगेच देत नाहीत, आधी पोटॅशियमचा रिपोर्ट लागतो. इन्सुलिन रक्तातलं पोटॅशियम पेशींत ढकलतं. ते मुळात कमी असेल तर हृदयाचे ठोके बिघडतात. तेवढ्यात डॉक्टरांना सिझेरियनसाठी बोलावणं आलं. जाताना मला म्हणाले, "रिपोर्ट येईपर्यंत यांची सही घ्या."

"पाणी चालेल," वडील म्हणाले. "सुई नको." चेनच्या पिशवीतून त्यांनी पवित्र शास्त्र काढलं आणि 2 इतिहास, 16वा अध्याय, 12वी ओवी माझ्यासमोर धरली. लाल पेनने अधोरेखित. आसा राजाला पायाचा मोठा रोग झाला, तेव्हा तो परमेश्वराकडे न जाता वैद्यांकडे गेला. पुढच्याच ओवीत तो मेला.

मी चिडले. "मत्तय चार पण वाचा. देवाची परीक्षा पाहू नये, असं लिहिलंय तिथे."

"ते आम्हालाही पाठ आहे."

बेडच्या या बाजूला मी, त्या बाजूला ते, मधे पोरगी धापा टाकतेय आणि आम्ही तिच्यावरून ओव्या फेकतोय. मग आठवलं, मत्तयाच्या त्याच अध्यायात सैतानसुद्धा येशूला स्तोत्रातलं वचनच ऐकवतो. 91वं स्तोत्र. मला माझीच लाज वाटली.

मी स्टूल ओढून बसले. "भाऊ, ही ओवी एकटीच नको. वरून वाचा."

ते मोठ्याने वाचू लागले. आसाने मंदिरातलं सोनं-रुपं काढून अरामाच्या राजाला, बेन-हदादला पाठवलं. हनानी द्रष्ट्याने त्याला खडसावलं तर त्यालाच तुरुंगात टाकलं. त्याच सुमारास प्रजेतल्या काहींनाही छळलं. मग पायाचा रोग. आवाज हळू झाला.

"वैद्याकडे गेला म्हणून देव रागावला, असं यात कुठे आहे?" मी म्हटलं. "देवाला विचारणं त्याने कधीच सोडलं होतं. वैद्य बिचारे शेवटी येतात. तुम्ही तर रोज विचारताय."

ते काही बोलले नाहीत, पण पान मिटलं नाही. मी 2 राजे, 20वा अध्याय काढून दिला. हिज्कीया राजा मरणाला टेकलेला. देव स्वतः सांगतो, तुला बरं करतो, आणखी 15 वर्षं देतो. आणि तरी यशया संदेष्टा गळवावर अंजिरांची ढेप बांधायला लावतो. (वसईची माझी एक कॅथलिक मैत्रीण मला हसते. त्यांच्या बायबलात बेन सिराच्या पुस्तकात 38व्या अध्यायात सरळच लिहिलंय, वैद्याचा मान राखा, औषधं देवानेच मातीतून उगवली. आम्हा प्रोटेस्टंटांच्या शास्त्रात ते पुस्तक नाही, म्हणून आम्हाला अंजिरं शोधावी लागतात.)

"अंजिरं ठीक आहेत," वडील म्हणाले. "पण..."

"सिस्टर." मुलगी बोलली. दोन शब्दांमागे एक श्वास घेत. "मी साक्ष दिलीय. स्टेजवर. माइकमध्ये."

इतका वेळ मी भलत्याच माणसाशी बोलत होते. शेकडो लोकांपुढे 'मी बरी झाले' म्हणून सांगितलेली पोर. दुसऱ्या दिवशी तहानेने जीव जात असतानाही ती कुणाला बोलली नसणार.

"संडे स्कूलला जायचीस ना? दहा कुष्ठरोगी. प्रभूने त्यांना काय सांगितलं?"

"जाऊन... याजकांना दाखवा."

"का?"

तिला आठवेना. लेवीयमध्ये नियम आहे, 14व्या अध्यायात. रोगी बरा झाला तर याजकाने छावणीबाहेर जाऊन त्याला तपासायचं आणि मगच शुद्ध ठरवायचं. मी तिला एवढंच सांगितलं.

तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. मग म्हणाली, "म्हणजे रिपोर्ट."

"हो. तुझा रिपोर्ट अजून आलेला नाही."

"मग द्या, पप्पा. करा सही."

त्यांनी सही केली. आसामुळे की पोरीच्या शब्दामुळे, मी विचारलं नाही. फक्त एक म्हणाले, "मग आमची प्रार्थना?" याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही पुरतं नाही. मी म्हटलं, याकोबाच्या पत्रात लिहिलंय, मंडळीच्या वडीलजनांना बोलवा, तेल लावा, प्रार्थना करा. काही फेकून द्या म्हणत नाही. आमच्या पाळकसाहेबांना फोन केला. पोटॅशियम 4.1, ठीक आलं, पंपावर इन्सुलिन सुरू झालं, आणि मॉनिटरच्या वायरी बाजूला सारत पाळकसाहेबांनी तिच्या कपाळाला तेल लावलं. वडील गुडघ्यांवर होते. सफाईवाल्या मावशी फडकं घेऊन पडद्याबाहेर थांबून राहिल्या.

पाचव्या दिवशी डिस्चार्ज. सुई कशी, किती, केव्हा, सगळं पुन्हा शिकवलं. घरी फ्रिज नाही म्हणाले. उन्हाळा नगरचा.

"मग माठ लागेल, ओल्या वाळूत ठेवलेला," मी म्हटलं. "आज मेडिकलमधून नवीन बाटल्या घ्या, जुन्या तर ओढ्यात गेल्या."

वडिलांनी मान खाली घातली. आई पिशवी भरत होती, तिने वर पाहिलं नाही.

"रिकाम्या होत्या त्या," ती म्हणाली. "भरलेल्या माठात आहेत."