माया किती सोडायची

मंगळवार, रात्री साडेदहा

आज जॅकेटला एक टाका पडला नाही. घराचं काम काढलंय. नऊला येतो म्हणालेले मिस्त्री साडेअकराला उगवले आणि आल्याआल्या गुण्या लावून म्हणाले, "वहिनी, भिंत काटकोनात नाही." मिरजेचं हे घर 1986 सालचं. स्वयंपाकघर एका टोकाला नऊ फूट चार इंच, दुसऱ्या टोकाला नऊ फूट अडीच. दीड इंचाची तिरपी चीर कुठंतरी जिरवायला हवी. मिस्त्री म्हणाले, फ्रिजमागे जिरवू. मला हसू आलं. आम्ही शिवणारे असलं सगळं बगलेतल्या मायेत, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या जादा कापडात जिरवतो.

मशीन मागच्या खोलीत हलवलंय, वर जुनी चादर, तिच्यावर प्लॅस्टिक. तरी धूळ पोचतेच. बॉबिनच्या कप्प्यात तेल आणि सिमेंट मिळून करडं लोणी झालंय. जुन्या टूथब्रशनं अर्धा तास खरवडत बसले.

गुरुवार

जॅकेट आईंसाठी आहे, म्हणजे सासूबाईंसाठी. त्यांचीच जुनी इरकल साडी, निऱ्यांत विरलेली, पण पदर अजून टुकटुकीत. कापायला घेताना पदराच्या जोडापाशी थांबले. इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि पदराचा वेगळा. दोन्हींचे फासे एकमेकांत अडकवून मग विणतात, टोप तेनी म्हणतात त्याला. हात फिरवला की बोटाला बारीकशी कड लागते. तिथं कात्री चालवायचं धाडस झालं नाही. तो जोड तसाच पाठीवर आडवा घेतलाय, वर लाल, खाली चौकडी.

मापं घ्यायला आईंना उभं केलं. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला अर्धा इंच वर. टेप सरकला असेल म्हणून परत लावला. तेवढंच.

"ते पोळ्या लाटून झालंय," त्या म्हणाल्या, जणू पंचांगात लिहिलेलं सांगतायत. "ओटा उंच आहे ना."

ओटा चौतीस इंच. आईंची उंची चार फूट दहा. मी तिथंच खाली बसून जमिनीपासून त्यांच्या कोपरापर्यंत मोजलं: साडेछत्तीस. म्हणजे पोळपाट ठेवला की लाटणं जवळजवळ कोपराला भिडणार, आणि जोर द्यायचा तर खांदा उचलावाच लागणार. त्या कडप्प्याच्या ओट्यावर मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी उभी राहून भाजी चिरली. मी पाच फूट पाच, मला तो ओटा कधी खुपलाच नाही. ब्लाउज शिवायला त्या बाहेर टाकायच्या. तो शिंपी हा खांदा बघत असेल, कापडात सांभाळून घेत असेल, आणि घरात कुणाला पत्ता नाही.

संध्याकाळी मिस्त्रींना सांगितलं, खिडकीखालचा दोन फुटांचा तुकडा तीस इंचांवर घ्या. ते म्हणाले, "असं कोण करत नाही वहिनी, ट्रॉलीवाला बोंब मारंल." मारू दे. तिथं ट्रॉली नकोच, पिठाचा डबा ठेवू.

शनिवार

आज माती खाल्ली. पुढच्या पट्ट्या खणाच्या घ्यायच्या होत्या. (खण गुळेदगुड्डचा, साडी इलकलची, दोन्ही गावं बागलकोट जिल्ह्यातली. जुना ओटा कडप्प्याचा, न्हाणीतली फरशी शहाबादची. घरात मिरजेचं असं काय आहे, देव जाणे.) खडूनं आखून घेतलं, कात्री लावली, आणि तेवढ्यात बाहेरून हाक, "वहिनी, नळ कितीवर?" बाहेर गेले, परत आले, दुसरी पट्टी कापली. दोन्ही डाव्या बाजूच्या.

इरकल असती तर तुकडा उलटा केला असता, सुलट-उलट सारखंच. खणाचं तसं नाही. मागे सुटे धागे दिसतात, उलटं लावलं की गावभर कळतं. उरलेल्या खणात अख्खी पट्टी बसेना. शेवटी दोन तुकडे जोडले आणि जोड मानेमागे, कॉलरच्या खाली येईल असा घेतला. लाद्या मागवताना दहा टक्के जास्त सांगणारी मी, खण मात्र नेमका मोजून आणला होता!

बाथरूममध्ये कोब्यावर पाणी भरून ठेवलंय, सोमवारपर्यंत उतरलं नाही तर लाद्या.

रविवार

दुपारी मिस्त्री नाहीत, घर शांत. मधे जुन्या धोतराचा थर, आत मलमलचं अस्तर, आणि गोधडीसारखा धावदोरा. कडेनं सुरू करून आत आत जायचं. मधूनच सुरू केलं की कापड एका बाजूला सरकतं आणि फुगा येतो, हे दोन जॅकेटं बिघडवून शिकले. अंगुस्तान सापडेना, बहुतेक मलब्याच्या पोत्यात गेलं. मधल्या बोटाला चाळणी झाली आहे. आईंनी शेजारी बसून दोन ओळी घातल्या. त्यांचा टाका माझ्यापेक्षा बारीक, आणि चष्मा खाली ठेवून.

उजवा खांदा अर्धा इंच वर कापलाय, म्हणजे पुढचा काठ सरळ पडतो. कच्च्या टाक्यांवरच घालून दाखवलं. आई आरशात बघायच्या ऐवजी नव्या ओट्याच्या विटांपाशी गेल्या, हवेत लाटणं फिरवल्यासारखे हात फिरवले.

"बगलेत अजून बोटभर माया सोड," म्हणाल्या. "थंडीत आत स्वेटर असतो माझा."

म्हणजे उद्या दोन्ही बगला उसवायच्या. आणि नळ कितीवर, ते अजून ठरलेलंच नाही.